वाटीत उरलेलं

तेटवाडीतल्या बायका खोटं बोलल्या नव्हत्या. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे पुण्याच्या संशोधन संस्थेतल्या काही शहाण्यांनी सगळं खापर त्यांच्याच डोक्यावर फोडलं. फॉर्मवरचा प्रश्न सरळ होता : 'बाळाचं सत्त्व घरातलं आणखी कोणी खातं का?' चाळीस आया आणि एक आजी अशा एकेचाळीस जणींनी 'नाही' असं उत्तर दिलं आणि खाली सह्या केल्या. त्यांच्या परीने ते शंभर टक्के खरं होतं. सत्त्व बाळासाठी यायचं आणि बाळालाच भरवलं जायचं. वाटीच्या तळाशी जे उरायचं ते बोटाने निपटून आई तोंडात टाकायची, मग वाटीत घोटभर पाणी घालून, खळबळून तेही पिऊन टाकायची. याला तेटवाडीत कोणी खाणं म्हणत नाही. अन्न टाकायचं नसतं, एवढंच.

तेजस सपकाळची बायको ऋतुजा त्या एकेचाळिसांतली एक होती.

तेजस मधपाळ. जावळीच्या खोऱ्यात त्याच्या माश्यांच्या सत्तर पेट्या होत्या आणि माणसांपेक्षा त्याचं माश्यांशी जास्त जमायचं. गावच्या सोसायटीच्या जुन्या गोदामात 'अंकुर केंद्र' सुरू झालं तेव्हा पहिल्या सभेला तो मागे भिंतीला टेकून उभा होता. पुण्याहून आलेल्या डॉक्टर मुग्धा केळुसकर पिठाच्या गिरणीएवढ्या एका पांढऱ्या यंत्राशेजारी उभ्या राहून समजावत होत्या. त्यांचं म्हणणं असं, की शरीरातल्या प्रत्येक पेशीत जनुकांची एकच पोथी असते. पण त्यातलं कुठलं पान उघडं ठेवायचं आणि कुठलं मिटायचं, हे बऱ्याच अंशी आपण खातो त्यावर ठरतं. पालेभाजी, कडधान्यं, अंडं यांतून शरीराला मिथिल नावाचा एक बारीकसा रासायनिक तुकडा मिळतो. तो चिकटपट्टीसारखा ज्या पानावर बसतो ते पान सहसा वाचलं जात नाही. पहिल्या हजार दिवसांत ही पानं सगळ्यात सैल असतात. तेव्हा योग्य ते भरवलं तर अशक्त मूलही उभारी धरतं. यंत्र रोज सकाळी बाळाची लाळ तपासून त्या दिवशी कुठली पानं उघडायची ते ठरवणार आणि त्या मापाने नाचणीच्या सत्त्वात काय काय मिसळून एकेकाची वाटी तयार करणार.

लोक माना डोलवत होते, पण कळलं फक्त तेजसला. त्याने मागूनच विचारलं, "म्हणजे राणीमाशीसारखं?" सगळे वळून बघायला लागले. मग त्यानेच सांगितलं, की राणी आणि कामकरी माशी एकसारख्याच अंड्यातून निघतात. एका अळीला शेवटपर्यंत राजान्न भरवलं की राणी, नाहीतर तीन दिवसांनी साधं खाणं सुरू झालं की कामकरी. डॉक्टर खूश झाल्या आणि पुढच्या प्रत्येक गावात त्यांनी तेच उदाहरण वापरलं.

तेजसचा राजवीर जन्मला तेव्हा पावणेदोन किलोचा होता. सहाव्या महिन्यात सत्त्व सुरू झालं आणि पोर पाहता पाहता बाळसं धरू लागलं. ऋतुजा त्याला भरवायची ती डोळ्यांत तेल घालून. एक मूल हातातून गेलेलं होतं तिच्या.

तेही सांगायलाच हवं, कारण या गोष्टीत पणाला लागलं ते तेच.

ईश्वरी त्यांची पहिली मुलगी. अडीच वर्षांची होती. दोन दिवस ताप होता आणि तिसऱ्या दिवशी दुपारी ऋतुजा म्हणाली, हिला साताऱ्याला नेऊ या. नेमका त्या दिवशी तेजसने ट्रक सांगितला होता. फलटणकडे सूर्यफूल फुललं होतं, पेट्या तिकडे हलवायच्या होत्या, आणि माश्या घरी परतल्यावर तिन्हीसांजेलाच पेट्यांची दारं लावता येतात. तो म्हणाला, "साधा ताप आहे गं, उद्या सकाळी नेऊ." ऋतुजाने त्याचा हात धरला होता. त्याने तो सोडवला. सकाळी फलटणहून परतला तेव्हा मुलीला झटके येत होते. साताऱ्याला नेताना मेढ्याच्या पुढे, रस्त्यातच ती गेली.

ऋतुजाने नवऱ्याला एका शब्दाने दोष दिला नाही. मुलीला मांडीवर घेऊन बसल्या बसल्या तिने फक्त विचारलं, "पेट्या पोचल्या का नीट?" त्यानंतर तीन वर्षं त्या घरात ईश्वरीचं नाव निघालं नाही. फोटो, कपडे सगळं ट्रंकेत गेलं. दुसरं मूल झालं, संसार चालू राहिला, पण तेजस जेवायला बसला की ती ताट सरकवायची आणि चुलीकडे तोंड करायची. तेजसला वाटायचं, हिने एकदा शिव्या घालाव्यात, डोक्यात तांब्या घालावा, पण काहीतरी बोलावं. माफ करणं ही तर फार पुढची गोष्ट, पण रात्रंदिवस त्याला हवी होती ती तीच.

दिवाळी उलटून गेली तेव्हाची गोष्ट. तेजस पेट्या तपासत होता आणि पाठीमागून आवाज आला, "चहा आणलाय." ऋतुजा उभी होती. तीन वर्षांत तिने त्या बांधावर पाऊल ठेवलं नव्हतं. तिने वाकून पेटीत बघितलं आणि विचारलं, "धूर कशाला करता हो? त्यांना त्रास नाही होत?" आवाजात कुठलाही डंख नव्हता, नुसतं कुतूहल होतं. तेजसने हातातली पोळ्याची चौकट तिला दिसेल अशी उजेडात धरली.

आठ दिवसांत ती पेटी उघडायला शिकली. पंधराव्या दिवशी हजारो माश्यांच्या गर्दीत राणी कुठे आहे ते ती नुसत्या नजरेने सांगू लागली. तेजसला हे जमायला दोन वर्षं लागली होती. तिचे तळहात मऊ पडले होते. राजवीरच्या टाळूला येतो तसा दुधाचा मंद वास तिच्या केसांना यायला लागला. ती हसायची, आणि तेजसकडे बघून हसायची.

गावातही काहीतरी झालं होतं. नळावरची भांडणं बंद पडली. तेजसची चुलतभावजय सारिका आणि शेजारची नंदा यांचं बांधावरून पाच वर्षं हाडवैर होतं. त्या दोघी ओट्यावर बसून एकमेकींची वेणी घालताना दिसल्या. दुपारी दोन वाजले की आया आपापल्या बाळांना कुशीत घेऊन झोपायच्या, आणि झोप अशी की हलवूनही उठायच्या नाहीत. भांडीवाला एकदा त्या वेळी आला. चार दारं वाजवली, चारही उघडीच होती, आत बाई आणि मूल एकाच लयीत श्वास घेत पडलेले. तो पाटी उचलून जो गेला तो परत तेटवाडीत फिरकला नाही. नवरे मात्र हरखून गेले होते. जुनी उणीदुणी काढणारं घरात कोणी उरलं नव्हतं, मग तक्रार करतो कोण?

पौषात एक दिवस नंदाची पाच वर्षांची मुलगी अंगणात खेळताना तेजसला दिसली. तिच्या अंगात ईश्वरीचा पिवळा फ्रॉक होता, गुडघ्याच्या बराच वर आलेला. घरात येऊन त्याने फ्रॉकचं विचारलं तर ऋतुजा भाकरी थापता थापता म्हणाली, "ट्रंकेत होता. कुणाचा कोण जाणे, नवाच दिसत होता. म्हटलं, वापरू दे पोरीला."

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ती काही लपवत नव्हती. खरंच तिला माहीत नव्हतं.

वेडा तर तो नव्हता. सत्तर पेट्यांचा धनी. काय भरवलं की कोण काय होतं, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. त्याने दोन-चार दिवस नुसतं बघितलं. ज्यांच्या घरी केंद्राची वाटी येत नाही त्या बायका पूर्वीसारख्याच भांडत होत्या, रडत होत्या. आणि एकेचाळिसांतली ती एकटी आजी, गजराबाई, जिची सून नोकरीला साताऱ्याला असल्याने नातवाला तीच भरवायची, ती दोन वर्षांपूर्वी वारलेल्या नवऱ्याची वाट बघत दारात बसू लागली होती. लोक म्हणाले, म्हातारपण, दुसरं काय. तेजसने तिला वाटी विसळून पिताना पाहिलं आणि त्याला सगळं कळलं.

त्या दुपारी ऋतुजाने राजवीरची वाटी निपटायला घेतली तेव्हा त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात तिचं लक्ष त्याच्या मनगटाकडे गेलं. "माशी चावली का? बघू," म्हणत तिने हात जवळ घेतला आणि फुंकर घातली. तीन वर्षांनी कोणीतरी त्याला मायेने हात लावत होतं. तेजसने तोंड मिटलं.

त्याने ते तीन महिने मिटूनच ठेवलं. एवढंच असतं तरी त्याला क्षमा होती. पण एकदा राजवीर भुकेला होता आणि सगळी वाटी संपवायच्या बेतात होता. दोन घास उरले असताना तेजसने त्याला उचललं आणि गाय दाखवायला अंगणात नेलं. परत आला तेव्हा वाटी लख्ख होती. आपण काय केलं ते त्याला पुरतं ठाऊक होतं. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही, आणि ऋतुजाने मोठ्या काळजीने त्याला आल्याचा काढा करून दिला.

चैत्रात डॉक्टर केळुसकर वार्षिक तपासणीला आल्या. घरोघरी जाऊन टॅबवर जुनाच फॉर्म पुन्हा भरायचा होता. ऋतुजा उत्साहाने उत्तरं देत होती, राजवीर मांडीवर होता.

"घरात मुलं किती?"

"एकच. हा राजवीर."

डॉक्टरांचं बोट थांबलं. गेल्या वर्षीच्या फॉर्मवर ऋतुजाच्याच तोंडचं उत्तर होतं : दोन, एक मयत. त्यांनी प्रश्न बदलून विचारला, याआधी एखादं बाळंतपण वगैरे? ऋतुजा हसली आणि नाही म्हणाली. डॉक्टरांनी तेजसकडे बघितलं. तेजस जमिनीकडे बघत होता.

त्यानंतरचे तीन दिवस केंद्रात त्या बायकांच्या रक्ताच्या, तपासणीच्या बाटल्या भरत होत्या. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बायकांना एकत्र बसवून सरळच विचारलं, की मुलाच्या वाटीत राहिलेल्या सत्त्वाचं तुम्ही काय करता. गजराबाई म्हणाली, "काय करनार बाई? उष्टं संपवतो की."

"पण तुम्ही सगळ्यांनी लिहून दिलं होतं, आम्ही खात नाही."

"खातंय कोन? टाकायचं नसतं म्हनून संपवतो."

डॉक्टर हतबुद्ध होऊन खुर्चीत बसल्या. प्रश्न त्यांनीच तयार केला होता. त्यांच्या लहानपणी त्यांच्या आईनेही त्यांचं ताट असंच संपवलं होतं, आणि ते त्यांना आजवर कधी आठवलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी तेजसला बोलावून घेतलं. त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. तान्ह्या बाळाच्या मेंदूत, आठवणी साठवणाऱ्या भागात, नव्या पेशी भराभर उगवत असतात. त्यामुळे ते झपाट्याने शिकतं, पण नव्या पेशी जागा करताना जुने धागे विसकटत जातात. आपलं पहिलं-दुसरं वर्ष कुणालाच आठवत नाही ते बहुधा यामुळेच. वाढत्या वयात, नव्या पेशी उगवायला लावणारी पोथीतली पानं मिटतात. राजवीरची ती पानं सत्त्वाने मोकळी ठेवली जात होती, आणि रोज दोन-दोन घास खाऊन ऋतुजाचीही उघडली होती. तिचं बालपण, माहेर, लग्न हे खोल मुरलेलं असल्याने शाबूत होतं. गेल्या पाच-सहा वर्षांतलं अजून सैल होतं, ते वाहून चाललं होतं.

"मग मी, राजवीर, घर हे कसं राहिलं?" तेजसने विचारलं.

"रोज डोळ्यांसमोर आहे ते टिकतं. रोज उजळणी होते ना त्याची. ज्याचा घरात कोणी उच्चारच करत नाही, ते पहिल्यांदा जातं."

तेजसने विचारलं, की हे परत येईल का. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. आजपासून उष्टं बंद केलं तर आहे ते राहील, पण गेलेलं आलं असं होणार नाही. जाता जाता त्या म्हणाल्या, "आता त्यांची मुलगी म्हणजे तुम्ही सांगाल तीच. आणि जपून सांगा. सध्या त्या लहान मुलासारख्या शिकतायत. जे सांगाल ते पक्कं बसेल."

केंद्र ते घर हा रस्ता दहा मिनिटांचा. तेजसला त्या दिवशी तासभर लागला. चालता चालता त्याने सगळं नीट जुळवलं : ट्रक त्या दिवशी आलाच नव्हता. ताप भरल्या भरल्या आपण मुलीला उचलून निघालो होतो. डॉक्टर म्हणाले, कोणी काहीच करू शकलं नसतं. त्या दुपारी घरात दुसरं कोणी साक्षीला नव्हतं. ज्या एका माणसाला खरं ठाऊक होतं तिचं ते खरं वाटीतल्या पाण्याबरोबर संपलं होतं. त्याने ती हकीकत मनात तीनदा म्हणून पाहिली. कुठेही अडखळायला झालं नाही.

घरी येऊन त्याने ट्रंक उघडली आणि फोटो ऋतुजाच्या हातात दिला. "ही ईश्वरी," तो म्हणाला. "आपली मुलगी."

ऋतुजाने फोटो उजेडाकडे धरला. तिला धक्का बसला, पण परक्याच्या घरची वाईट बातमी कळल्यावर बसतो तेवढाच. मग ती प्रश्न विचारू लागली. कधी झाली, बोलायची का, काय खायची. तेजस सांगत गेला. मध तिला नुसता चाटायला लागायचा, पण पोळ्याचं मेण आवडायचं, ते ती तासनतास चघळत बसायची. 'तेजस' म्हणता यायचं नाही, त्याला ती 'तेजा' म्हणायची आणि ऋतुजा तिला रागवायची, बापाला नावाने हाक मारतात का. तीन वर्षांत तो पहिल्यांदा हे बोलत होता आणि आपल्याला किती आठवतंय याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. ऋतुजा हसत होती. "माझ्यासारखीच दिसायची की," ती म्हणाली. आणि मग तिने विचारलं, "गेली कशाने?"

तयार केलेली हकीकत त्याच्या ओठावर होती. समोर ती चेहरा वर करून बसली होती, सांगाल ते मानायला तयार. हे खोटं एकदा तिच्या डोक्यात बसलं की खरी ईश्वरी, खऱ्या दिवशी तापाने फणफणलेली, कुठेच उरणार नव्हती. तेजसला ते जमलं नाही. त्याने सगळं खरं सांगितलं. ट्रक, सूर्यफूल, 'उद्या नेऊ', आणि तिने धरलेला, त्याने सोडवलेला हात.

सांगून झाल्यावर तो मान खाली घालून थांबला. आता तरी ती ओरडेल असं त्याला वाटलं.

ऋतुजाने राजवीरला खाली ठेवलं आणि तेजसच्या पाठीवरून हात फिरवला. "अहो, तुम्हाला काय ठाऊक होतं?" ती म्हणाली. "पोरांना ताप येतातच. तुमची काही चूक नाही त्यात."

हेच शब्द. याच आवाजात ऐकण्यासाठी त्याने तीन वर्षं काढली होती. आणि ते कानावर पडले तेव्हा तेजसला कधी नव्हे एवढं एकटं वाटलं. ज्या बाईची त्याला माफी हवी होती, ती आता घरात नव्हती.

या गोष्टीला वर्ष झालं. केंद्र चालू आहे. मुलं खरोखरच गुटगुटीत झाली आहेत, तेव्हा ते बंद करा म्हणायला कोणी तयार नाही. वाट्या आता मोजून परत घेतात आणि उरलेलं गजराबाईच्या डोळ्यांदेखत खड्ड्यात ओततात. पाप आहे हे, असं ती रोज म्हणते. तरीही काही घरांत बायका दुपारी दोनला गाढ झोपतात, आणि त्यांना कोणी काही विचारत नाही.

ऋतुजाला ईश्वरी आता तोंडपाठ आहे. तिचे दात कधी आले, पहिलं पाऊल कुठे टाकलं, सगळं. सांगताना तेजसचं काही चुकलं तर ती त्याला दुरुस्त करते. तेजस रोज दुपारी जेवणं आटोपली की तिच्यासमोर बसतो आणि पहिल्यापासून सुरू करतो. ट्रकपाशी आला की मुद्दाम सावकाश बोलतो, स्वतःला जराही वाचवत नाही, उलट उद्धटपणाने तिचा हात झिडकारला असं वाढवूनही सांगतो. मग गप्प बसून तिच्या चेहऱ्याकडे बघत राहतो. ती त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेते, जवळ सरकते आणि कालच्याइतक्याच मायेने सांगते, की त्यात त्याची काही चूक नव्हती.